कोंडाजीचा चेहरा

"मला प्रसाद ओकच हवे होते, मामा."

होडी राजपुरीच्या धक्क्यावरून सुटत होती, आणि विषय सकाळपासून सुटत नव्हता. आदल्या रात्री मामाकडे आम्ही 'फर्जंद' आणि 'फत्तेशिकस्त' लागोपाठ पाहिले होते. जुनी ठुसठुस पुन्हा वर आली. दिग्पाल लांजेकरांचा 'फर्जंद' २०१८चा. त्यात स्वराज्याच्या हेरांचे प्रमुख बहिर्जी नाईक झाले होते प्रसाद ओक. 'फत्तेशिकस्त' पुढच्याच वर्षीचा, लाल महालावरच्या छाप्याचा, म्हणजे बातमी काढणाऱ्यांच्या जिवावर उभा राहिलेला प्रसंग. आणि नेमके त्यातच बहिर्जी बदलले. महाराज तेच, चिन्मय मांडलेकर. जिजाऊ त्याच, मृणाल कुलकर्णी. बहिर्जी मात्र हरीश दुधाडे.

२०१९ साली थिएटरात पहिला अर्धा तास मी चित्रपट पाहिलाच नव्हता. मी ओकांना शोधत बसले होते. कुठल्या तरी फकिराच्या, कुठल्या तरी भिश्त्याच्या वेषातून ते आता निघतील, मग निघतील.

"बहिर्जीचा चेहरा बदलला म्हणून तक्रार?" मामा म्हणाला. "अगं, त्याचं कामच ते."

"त्याचं काम शत्रूपासून लपायचं. माझ्यापासून नाही."

मामा पंचाहत्तरीला टेकलाय. घर राजपुरीच्या चढावर, खिडकीतून जंजिरा दिसतो. तरुणपणी बरीच वर्षं तो मुंबईत, गिरगावात काकांच्या खोलीवर होता, आणि सिनेमा हा त्याचा तेव्हापासूनचा विषय. माझ्याशी तो बरोबरीने वाद घालतो, म्हणूनच मी त्याच्याशी घालते.

होडीवाल्याने लाइफ जॅकेटं वाटली. मामाने कुरकुर न करता ते चढवलं आणि पट्टा ओढता ओढता म्हणाला, "ह्याच्यावरून एका माणसाला किती बोल लावले होते, माहितीये तुला?"

मला माहीत होतं. ऑक्टोबर २००५. नवा जेम्स बाँड म्हणून डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं, तेव्हा त्याला लंडनच्या थेम्स नदीतून वेगवान बोटीने आणलं होतं. सुटाबुटावर लाइफ जॅकेट होतं. तेवढ्यावरून वर्तमानपत्रांनी त्याला भित्रा ठरवलं. केस सोनेरी, उंची कमी, चेहरा रांगडा, हा कसला बाँड, म्हणून चाहत्यांनी बहिष्काराची हाक दिली. एक दृश्यही कुणी पाहिलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी 'कसिनो रोयाल' आला, आणि मग तोच माणूस पाच चित्रपट करून २०२१पर्यंत त्या नावावर बसला. त्याच्या जागी कोण, म्हटल्यावर तेच लोक आता हळवे होतात.

"मग?" मामा म्हणाला. "तूही त्यांतलीच की. ओक गेले म्हणून २०१९ला हिरमुसलीस. 'पावनखिंड' आला २०२२ला, त्यातही दुधाडेच बहिर्जी होते. तेव्हा मला फोन करून काय म्हणालीस? 'काय डोळे आहेत हो त्या माणसाचे.' उद्या दुधाडे नसले तर पुन्हा हिरमुसशील."

"हो, हिरमुसेन. आणि दोन्ही वेळा खरीच असेन."

हे मी चिडून म्हटलं नाही. मला ते तसंच वाटतं. आधीचा चेहरा जाताना होणारं दुःख आणि नंतरचा चेहरा आवडणं, ह्यात एक खोटं ठरावं लागतं असं कुणी सांगितलं? घरातलं थोरलं माणूस गेलं की त्याची खुर्ची कुणी तरी घेतोच. म्हणून पहिल्या दिवशी ती रिकामी दिसली ते चूक होतं का?

होडी शिडावर होती. वारा बरा होता. जंजिऱ्याचा तट मोठा मोठा होत होता, पण दरवाजा कुठेच दिसत नव्हता. तो अगदी जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही. बुरुजांच्या आड बसवलाय. दरवेळी येते आणि दरवेळी शोधते.

"आणि तू म्हणतेस चेहरा, चेहरा," मामाने पुन्हा सुरुवात केली. "अंकित मोहनचं काय? 'फर्जंद'मध्ये तो कोंडाजी. 'फत्तेशिकस्त'मध्ये तोच येसाजी कंक. कोंडाजीचा चेहरा येसाजीला दिला, ते तुला चाललं. बहिर्जीचा चेहरा दुसऱ्याला दिला, ते चाललं नाही. असं कसं?"

ह्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. किल्ल्यावर जाऊन परत येईपर्यंत सुचलं नाही. परतीच्या होडीत बसल्यावर सुचलं ते असं. येसाजी आणि कोंडाजी लढवय्ये आहेत. ते समोरून येतात. तलवार काढली की माणूस कळतो. बहिर्जी मात्र दर दहा मिनिटांनी कुणी तरी दुसराच होऊन येतो. त्याचं वेषांतर मला रंगायचं असेल, तर वेषाखालचा माणूस मला आधीपासून ठाऊक असायला हवा. नाही तर पडद्यावर एक फकीर आला आणि गेला, एवढंच मला दिसेल.

"लहानपणी बहुरूपी यायचा आठवतो?" मी विचारलं. "पोलीस होऊन यायचा. पट्टा, टोपी, दंडुका. आई ओरडायची, 'अगं बाई, पोलीस आला.' तिला ठाऊक असायचं, आम्हाला ठाऊक असायचं, त्याला ठाऊक असायचं. खरंच न ओळखता येणारा पोलीस आला असता तर आम्ही घाबरून माळ्यावर गेलो असतो. त्याला तांदूळ कुणी घातले असते?"

मामा हसला. "हे बरं काढलंस."

"आणि 'तो मी नव्हेच'. पणशीकर पाच सोंगं घ्यायचे. फिरता रंगमंच होता, कपडे बदलायचे, बोलणं बदलायचं. पण लोक कशाला जायचे? प्रत्येक सोंगात पणशीकर कुठे दिसतात ते पाहायला. पाच भूमिकांना पाच नट घेतले असते, तर त्या नाटकात उरलं काय असतं?"

"पण पणशीकरांनंतरही ते नाटक झालं ना? गिरीश ओकांनी केलं. लोक गेलेच की."

"गेले. पण गिरीश ओकांनीही पाचही सोंगं एकट्यानेच केली."

इथे मला वाटलं, जिंकले मी. मामा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने जे सांगितलं ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

"'फर्ज' ठाऊक आहे तुला? १९६७चा. जितेंद्र एजंट ११६. गोपाळ नाव त्याचं. आमच्यासाठी तो बाँड. शॉन कॉनरीचा खरा बाँड इंग्रजीत, आम्हाला कुठून कळणार? आणि जितेंद्र कुणाचा? आमचा. गिरगावातल्या चाळीत वाढलेला. शांतारामबापूंनी 'गीत गाया पत्थरोंने'मध्ये आणला, तेव्हापासून गिरगाव त्याला आपला पोरगा म्हणायचं. 'फर्ज'मध्ये पांढरे बूट घालून नाचला, आणि मी पैसे साठवून पांढरे बूट घेतले. त्या वर्षी गणपतीला गावी आलो ते बूट घालून. धक्क्यापासून घरापर्यंत भर चिखलातून आलो. आईने रात्री घासले, पण पांढरे पुन्हा झाले नाहीत."

"मग?"

"मग १९७३ला 'कीमत' आला. दिग्दर्शक तोच, रविकांत नगाइच. नाव तेच, गोपाळ. नंबर तोच, ११६. आणि माणूस धर्मेंद्र."

"तुम्हाला तर धर्मेंद्र आवडायचा."

"आवडायचा म्हणजे? 'मेरा गाव मेरा देश' दोनदा पाहिला होता. रुबाबदार माणूस. पण गोपाळ नव्हे. तू थिएटरात ओकांना शोधत बसलीस ना, तसा मी त्या अख्ख्या सिनेमात जितेंद्रला शोधत होतो. तो ह्यात नाही हे पोस्टरवर दिसत होतं, तरी शोधत होतो. बाहेर आलो आणि मित्राशी भांडलो. तो म्हणाला, धर्मेंद्र मारामारी जास्त चांगली करतो. मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही."

मी म्हटलं, "मामा, पण खरं सांगू? जितेंद्रही पहिला नव्हता. 'फर्ज' तेलुगूवरून घेतलेला. 'गूढचारी ११६', १९६६चा. त्यात कृष्णा होते. तिकडच्या कुणाला तरी तुमचा जितेंद्र उपरा वाटला असेल."

हे मामाला माहीत नव्हतं. तो क्षणभर गप्प झाला. पन्नासाहून जास्त वर्षं जपलेली वस्तू कुणी तरी हातातून घेऊन उलटीपालटी करून परत द्यावी, तसं त्याच्या तोंडावर आलं. मला सांगितल्याचं वाईट वाटलं.

"असू दे," तो म्हणाला. "पण खरी गोष्ट पुढेच आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'रक्षा' आला. परत नगाइच, परत ११६, आणि परत जितेंद्र! मी पहिल्या दिवशी गेलो. तोवर लग्न झालेलं, नोकरी लागलेली. हिला घेऊन गेलो. मनात म्हटलं, आला आपला माणूस. आणि अगं, चेहरा तोच होता, पण ज्याच्यासाठी मी गेलो होतो ते त्या पडद्यावर नव्हतं. ते त्याच्यात नव्हतंच बहुधा. ते त्या पांढऱ्या बुटांत होतं, सतरा-अठरा वर्षांच्या माझ्यात होतं. तेव्हापासून मी चेहऱ्यासाठी भांडणं सोडलं. परत मिळाला तरी परत मिळत नाही तो."

होडीवाल्याने शीड सैल केलं. धक्का जवळ आला होता. माझ्याकडे ह्याच्यावर उत्तर नव्हतं, आणि अजूनही पूर्ण नाही. कॉनरीसुद्धा १९७१ला परतला होता, मधल्या एका चित्रपटापुरता आलेला लेझनबी जाऊन. तेव्हाच्या कुणा प्रेक्षकालाही मामासारखंच झालं असेल का, असं वाटत राहिलं.

संध्याकाळी पोपटी लावायची ठरली होती. जानेवारी सरत आला होता, वालाच्या शेंगा भरलेल्या. मामाने मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घातला. मामीने शेंगांना खडेमीठ आणि ओवा चोळून दिला. मधे अंडी, चार बटाटे, वर पुन्हा पाला गच्च. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, सुकी पानं, काटक्या रचल्या आणि पेटवलं. आगीभोवती बसलं की मामाचा आवाज जरा खाली येतो.

मी मांडलेकरांचा विषय काढला. त्यांनी एप्रिल २०२४मध्ये सांगितलं की ह्यापुढे आपण महाराजांची भूमिका करणार नाही. त्यांच्या मुलाच्या नावावरून समाजमाध्यमांवर लोक कुटुंबावर तुटून पडले होते. सहा चित्रपट महाराज झालेला माणूस.

"हे माझं म्हणणं आहे बघ," मामा म्हणाला. "चाहते चेहऱ्यावर इतका हक्क सांगतात की तो चेहरा ज्याचा आहे त्याला आपल्या घरात आपल्या पोराला हाक मारायची सोय राहत नाही. तू असं करणार नाहीस, ठाऊक आहे मला. पण 'मला हाच हवा' ह्याचं दुसरं टोक ते आहे."

"ते प्रेमाचं टोक नाही, मामा. ज्यांनी शिव्या घातल्या ते त्या भूमिकेवर प्रेम करणारे नव्हते. मी ज्याच्याबद्दल बोलतेय त्यात नटाविषयी कृतज्ञता आहे. ओकांनी मला बहिर्जी दिले. इतिहासाने दिले नव्हते."

आणि हे खरंच आहे. बहिर्जींचा कागदोपत्री माग फार थोडा. सभासदाच्या बखरीत ते भेटतात, सुरतेची बातमी आणतात, तिथे अपार द्रव्य मिळेल असं महाराजांना सांगतात. समाधी सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर दाखवतात. चित्र नाही. हेराचं चित्र राहिलं असतं तर तो हेर कसला! मग मला त्यांच्याविषयी जे वाटतं ते कशाला धरून वाटतं? कुणा एका नटाच्या मान वळवण्याला, नजर खाली टाकण्याला धरून. ते काढून घेतलं की हातात राहतं फक्त एक नाव आणि सुरतेची ती बातमी.

"बरं, लाय पाटलाचा चेहरा सांग," मामा एकदम म्हणाला.

मी बघत राहिले.

"सांग ना. ह्याच पाण्यातला माणूस. सोनकोळी. मोरोपंतांनी जंजिऱ्याला वेढा घातला होता. लाय पाटील रात्रीच्या अंधारात माणसं घेऊन होड्यांनी तटाखाली गेला, शिड्या लावल्या, आणि मोरोपंतांच्या लोकांची वाट बघत राहिला. ते वेळेवर आलेच नाहीत. उजाडायला लागलं तसा शिड्या काढून परत आला. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. तो म्हणाला, मी दर्यावर फिरणारा, पालखीत बसून काय करू? तेव्हा महाराजांनी त्याला गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी'. कुणाचा चेहरा येतो डोळ्यांसमोर?"

कुणाचाच येत नव्हता.

"मला मात्र दिसतो," मामा म्हणाला. "रोज वेगळा दिसतो. सकाळी धक्क्यावर जो कोण शीड बांधत असेल, त्याचा. कुणी नटाने अजून तो अडवून ठेवलेला नाही. उद्या कुणी सिनेमा काढला की बंद होईल माझं हे."

मला हे फार आवडलं आणि अजिबात पटलं नाही, दोन्ही एकाच वेळी. मी म्हटलं, "तुम्हाला दिसतो, कारण तुम्ही इथे राहता. सोलापूरच्या, नागपूरच्या पोराने कुणाचा चेहरा लावायचा?"

मामा लाकडाने निखारे सारत बसला. मामी इतका वेळ पाल्याचे देठ खुडत होती. तिला सिनेमाचं फारसं नसतं. ती मालिका बघते.

"मला तर कोंडाजी म्हटलं की आनंद काळेच दिसतात," ती म्हणाली.

'स्वराज्यरक्षक संभाजी' २०१७ ते २०२० झी मराठीवर होती. त्यात कोंडाजी फर्जंद आनंद काळे झाले होते. म्हणजे मी थिएटरात अंकित मोहनचा कोंडाजी पाहत होते, त्याच काळात मामी रोज रात्री दुसराच कोंडाजी पाहत होती. आणि दोघींच्या कोंडाजीत फरक फक्त चेहऱ्याचा नव्हता. माझा चित्रपट १६७३च्या पन्हाळ्यावर संपतो. साठ माणसं घेऊन त्याने गड घेतला, जयजयकार झाला, दिवे लागले. माझा कोंडाजी अजून जिवंत आहे. मामीचा कोंडाजी पुढे जंजिऱ्यावर गेला.

ती हकीकत इथल्या प्रत्येक होडीवाल्याच्या तोंडी आहे. १६८१-८२च्या सुमारास संभाजी महाराजांनी जंजिऱ्यासाठी कंबर कसली. दर्यात भराव घालायलाही घेतला. त्याआधी कोंडाजी जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला, महाराजांशी बिनसलं असं दाखवून. सिद्दीने त्याला मानाने ठेवून घेतलं. बेत होता आतलं दारूकोठार उडवून द्यायचा. एका दासीकडून तो फुटला, आणि कोंडाजीला आणि त्याच्या माणसांना तिथेच मारलं.

"ते दाखवलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही," मामी म्हणाली. "ह्यांना विचार. ताट तसंच ठेवून उठले. आणि खिडकीशी गेले. लग्न होऊन आले तेव्हापासून तो किल्ला बघतेय मी. भांडी घासताना समोर, कपडे वाळत घालताना समोर. पाहुणे आले की न्यायचा, फोटो काढायचे. त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं, अगं बाई, तो आत गेला तो इथूनच गेला असेल. ह्याच पाण्यावरून. आणि परत आलाच नाही."

आग खाली बसत चालली होती. मामा काही बोलला नाही. मीही नाही.

"आता दुसऱ्या कुणी तो केला तर?" मी थोड्या वेळाने विचारलं.

मामीने विचार केला. "बघेन की. का नाही बघणार? पण जेवण नाही जाणार असं वाटतं. तो एकदा गेला ना माझा."

मामा उठला. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्याने मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं आणि पाणी लगेच सुकलं. त्याने काठीने निखारे बाजूला केले, दोन्ही हातांना गोणपाट गुंडाळलं, आणि मामीला म्हणाला, "त्या रात्री तू खिडकीशी गेलीस तेव्हा मला वाटलं, रॉकेल संपलंय की काय ते बघायला उठलीस. मला बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलंत कुठे?" मामी म्हणाली, आणि शेंगा ओतायला तिने केळीचं पान सरळ केलं.